माळावरचा रंगीत गळ्याचा सरडा

ऊस सोडून साहेब सरड्यावर लिहायला लागले म्हणून हसू नका. या मे महिन्यात आडसालीसाठी नवं रान बघायला एका सभासदाच्या मुरमाड माळावर गेलो होतो. दगडावर जेमतेम वीतभर लांबीचा सरडा बसलेला. त्यानं गळ्याखालची कातडी पंख्यासारखी फुलवली, तर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग! सोबतच्या पोरानं दगड उचलला. "साहेब, इखारी हाय." मी त्याचा हात धरला. आपल्याकडचा कोणताही सरडा विषारी नसतो.

आपल्या बांधावरचा, कुंपणावरचा सरडा वेगळा. तो मोठा, मानेपासून पाठीवर काट्यांची रांग, झाडावर चढणारा, मागच्या पायाला पाच बोटं. विणीच्या दिवसांत नराचं डोकं-गळा लाल होतो. माळावरचा हा लहान, जमिनीवरच राहणारा, मागच्या पायाला चारच बोटं. पंखा फक्त नराला. मादी मातकट, चटकन दिसतही नाही. यातही दोन जातकुळ्या आहेत. पंखा बहुतेक पांढुरका असेल तर 'सिताना', भडक तिरंगी असेल तर 'सरडा'. होय, शास्त्रीय नावच 'सरडा'! व्ही. दीपक, वरद गिरी आदी संशोधकांनी २०१६ साली आपला मराठी शब्द उचलून हे नाव दिलं. त्यातला 'सरडा सुपर्बा' सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण बांधावरच्या सरड्याची. याला कुंपण नकोच, मोकळा माळ हवा. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. तिथला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून हे सरडे वाढलेले. पण अंगानं रोडावलेले आणि नरांचे रंग फिके. एक बदल केला की साखळी अशी हलते.

आणि आपण तर माळच फोडतोय. उसाच्या दाट सावलीत हा सरडा राहत नाही. शिवाय टीचभर मातीखाली मुरूम असला की पाणी-खत ओतूनही टनेज येत नाही, हे खोडव्याला कळतं. त्या सभासदाला मी सांगितलं, खालचं काळं रान करा, वरचा कातळाचा तुकडा तसाच राहू द्या. त्यांनी अजून होय म्हटलेलं नाही. जेसीबी मात्र सांगून ठेवलाय.