पाळीत असह्य दुखतं? त्यामागे नसांचाही हात. समजून घ्या कसा

यवतमाळ : कापूस वेचणीच्या दिवसांत पाळीचं दुखणं अंगावर काढत शेतात जाणाऱ्या महिला जिल्ह्यात कमी नाहीत. 'बाईच्या जातीला हे चालायचंच', असं त्यांना ऐकवलं जातं. विज्ञान मात्र वेगळं सांगतं.

नेमकं काय घडतं?
एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, ओटीपोटात वाढतात. तिथे बारीक नसाही शिरतात. नसांच्या टोकांतून 'सबस्टन्स पी', 'सीजीआरपी' ही न्यूरोपेप्टाइड्स म्हणजे संदेश पोहोचवणारी छोटी रसायनं स्रवतात. त्यांनी सूज वाढते, सुजेने नसा आणखी संवेदनशील होतात आणि दुखणं वाढत जातं.

संशोधन काय सांगतं?
२००६ मध्ये सिडनीतील संशोधकांना अशा रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरातही बारीक नसा आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के महिलांना हा आजार आहे. मुंबईतील 'आयसीएमआर'च्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनेही त्यावर अभ्यास केला आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
दुखण्यामुळे मजुरी किंवा शाळा बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी हा आजार असू शकतो. दुखणं मनाचं नसतं.