पायावरील सूज : हत्तीरोग व नीलाविकार यांतील भेद (राजुरा परिसराच्या संदर्भात)

चंद्रपूर व गडचिरोली हे हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेले जिल्हे आहेत. त्यामुळे राजुरा परिसरात एखाद्याचा पाय सुजला की पहिली शंका हत्तीपायाची येणे स्वाभाविक आहे. ही शंका निराधार नाही. परंतु तीच एकमेव मानल्यास नीलांचा, म्हणजे पायातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या रक्तवाहिन्यांचा, विकार दीर्घकाळ अलक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या दोहोंतील भेद विशद केला आहे.

उभ्या माणसाच्या पायातील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते. चालताना पोटरीचे स्नायू नीलांना दाबून रक्त वर ढकलतात आणि नीलांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपांचे वर्णन फॅब्रिशियसने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे खरे प्रयोजन मात्र त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवून दिले. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो व द्रव ऊतींत झिरपतो. एका जागी स्थिर उभे राहिल्यास पोटरीचा हा पंप जवळजवळ थांबतो. म्हणूनच फळ्यासमोर सलग तासिका घेणारा अध्यापक या विकाराच्या दृष्टीने चालत्या पोस्टमनपेक्षा अधिक जोखमीत असतो.

हत्तीरोगात बिघाड लसीकावाहिन्यांत होतो. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामार्फत शिरलेले कृमी या वाहिन्यांत राहतात. सुश्रुतसंहितेत जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत श्लीपद विशेषत्वाने होते असे म्हटले आहे; डासाचा संबंध ज्ञात नसताना केलेले हे निरीक्षण मार्मिक आहे.

नीलाविकाराची सूज घोट्याभोवती दिसते, संध्याकाळी वाढते व रात्रभराच्या विश्रांतीनंतर ओसरते. बोटाने दाबल्यास खळगा पडतो. फुगलेल्या वेड्यावाकड्या नीला दिसू शकतात. पुढे घोट्याच्या आतील बाजूची त्वचा तपकिरी होते, खाजते व तेथे चिघळणारा व्रण होतो. हत्तीरोगाची सूज पावलाच्या पाठीवर व बोटांवरही येते. आरंभी ती मऊ असते, पुढे कठीण होते. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमटी धरता येत नाही. ताप व जांघेतील गाठींचे दुखणे अधूनमधून उद्भवते. रात्री घेतलेल्या रक्तात सूक्ष्म कृमी न आढळल्याने हत्तीरोग नाही असे ठरत नाही, कारण जुन्या रुग्णांत ते बहुधा सापडतच नाहीत. नीलांची अवस्था मात्र डॉपलर सोनोग्राफीने कळते.

या जिल्ह्यांत आणखी एक गुंतागुंत आहे. येथील आदिवासी व अन्य काही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही घोट्याजवळ दीर्घकाळ न भरणारे व्रण होतात आणि नीलांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा व्रणाच्या रुग्णाची सिकलसेल तपासणी टाळू नये.

एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लास्टर किंवा दीर्घ प्रवासानंतर, तर खोल नीलेत गुठळी झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा पायाला मालिश करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास धाप लागते, छातीत दुखते व प्राणावर बेतते. दोन्ही पाय सुजल्यास हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्तक्षय आणि रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे यांचाही विचार करावा लागतो.

हत्तीरोग निर्मूलनासाठी २००४ पासून देशात सामुदायिक औषधोपचार मोहीम राबविली जात आहे. तीत दिली जाणारी डीईसी गोळी रक्तातील सूक्ष्म कृमींचा नाश करते. नीलेतील झडप ती दुरुस्त करीत नाही. मोहिमेत गोळी अवश्य घ्यावी, परंतु नीलाविकारावर पाय उंच ठेवणे, चालणे व दाबमोजे हेच प्राथमिक उपचार आहेत. झडपांचा बिघाड मोठा असल्यास लेसर किंवा शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. मोजे वापरण्यापूर्वी पावलातील नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. रोहिण्यांतील रक्तप्रवाह आधीच मंद असल्यास, जसे दीर्घकालीन मधुमेही वा धूम्रपान करणाऱ्यांत संभवते, घट्ट मोज्याने पायाला इजा होऊ शकते.