सहीची सत्ता आणि विद्यार्थ्याचा हक्क

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. ते शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. नाव पटावर होते, बसायला जागा होती, तरी काय शिकायचे हे शिकवणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. पुढे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या पुण्याईवर आपल्या तीन पिढ्या शिकल्या.

आज विद्यापीठाचे दार आपल्या मुलांना बंद नाही. परंतु दाराच्या आत गेल्यावर एक वेगळी सत्ता भेटते आणि तिचा विचार आपण पुरेसा करीत नाही. ती म्हणजे सहीची सत्ता.

अंतर्गत गुण एकटे प्राध्यापक देतात. तोंडी परीक्षेत काय विचारले आणि काय उत्तर दिले, याची नोंद सहसा राहत नाही. प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. खोली वसतिगृहाच्या रेक्टरच्या हाती आणि शिष्यवृत्तीचा कागद कार्यालयातील लिपिकाच्या हाती. यांतील बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, हे आधीच सांगितले पाहिजे. कडक शिक्षक म्हणजे वाईट शिक्षकही नव्हे. पेपर चुकला म्हणून गुण कापणे हे कर्तव्य आहे. जात, लिंग, विचार किंवा वैयक्तिक राग मनात धरून गुण कापणे, सहीसाठी घरची कामे करून घेणे, पैसे मागणे, मुलींना नको तसे बोलणे, मूळ दाखले अडवून ठेवणे, हा सत्तेचा दुरुपयोग आहे. हा फरक विद्यार्थ्यांनी मनाशी पक्का करावा.

आम्ही बँकेत लिपिक आहोत. शिष्यवृत्ती जमा झाली का, एवढेच विचारायला मुले काउंटरवर पासबुक घेऊन येतात. आमच्या ओळखीच्या एका भगिनीची मुलगी अशी पाच-सहा वेळा आली. दर वेळी तीच शिल्लक छापून येई. चौकशीअंती कळले की तिचा अर्ज शासनाकडे गेलेलाच नव्हता. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरला तरी तो आधी महाविद्यालयाचा लिपिक तपासतो, मग तो प्राचार्यांच्या लॉगिनवर जातो आणि त्यानंतर शासनाच्या खात्याकडे. पहिल्या टेबलावर तो अडला की पुढचे सगळेच अडते. मुलगी रोज विचारी आणि "उद्या ये" ऐकून परत येई. तिच्याजवळ लेखी एक ओळ नव्हती. आम्ही तिला अर्जाच्या दोन प्रती करावयास लावल्या. एक प्रत आवक विभागात दिली, दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. आठवड्याभरात अर्ज पुढे गेला. कोणाशी भांडण झाले नाही. तोंडी विनंतीला तारीख नसते, कागदाला असते.

बँकेत एक साधा नियम आहे. नोंद एकाने करायची, ती तपासून पास दुसऱ्याने करायची. नोंद करणारा चोर असतो म्हणून नव्हे, तर एकाच हातात सर्व काही राहिले की चुकीला आणि मोहाला वाट मिळते म्हणून. विद्यापीठात हा दुसरा हात कमकुवत असतो. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच सहकाऱ्याकडे ती जाते आणि विद्यार्थ्याचे वर्ष त्या वेळी पणाला लागलेले असते.

दुसरा हात नसला म्हणजे काय होते, हे आपण पाहिले आहे. दिल्लीच्या एम्स संस्थेतील भेदभावाच्या चौकशीसाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे साहाय्य न मिळणे, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील अन्याय आणि वसतिगृहात वेगळे पडणे या गोष्टी मांडलेल्या आहेत. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात २०१५ साली रोहित वेमुला व त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहाबाहेर काढण्याचा निर्णय झाला. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने जीवन संपवले. सात महिन्यांच्या फेलोशिपचे १ लाख ७५ हजार रुपये येणे आहेत, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहून ठेवले. दोष कोणाचा यावर पुष्कळ वाद झाले, त्यात आम्ही शिरत नाही. पण राहण्याची जागा आणि दरमहाचे पैसे या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात नसतात, एवढे त्यातून कळते.

या घटनांनंतर आणि त्यांच्या आगेमागे काही नियम झाले. ते आपल्या मुलांना ठाऊक हवेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेसंबंधीचे विनियम काढले. गुणांकन, वर्ग, वसतिगृह, खाणावळ यांतील जातीय भेदभावाला त्यांत मनाई असून तक्रारीसाठी भेदभाव-प्रतिबंधक अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

२०२३ साली विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम आले. त्यांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, तीत एक विद्यार्थी प्रतिनिधी असावा आणि किमान एक महिला व एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा. समाधान न झाल्यास १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. दाखले अडवणे, निकालास विलंब, शिष्यवृत्तीस विलंब, भेदभाव हे विषय त्यात येतात. केवळ "गुण कमी पडले" म्हणून फेरतपासणी मागितल्यास लोकपाल सहसा ऐकत नाही. ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

लैंगिक छळासाठी वेगळी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली कायदा झाला आणि पुढे आयोगाचे विनियम आले. संस्थेच्या अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. मुलींनी लाजेने दिवस घालवू नयेत आणि आईवडिलांनी "शिक्षण पुरे, घरी ये" असे म्हणू नये. त्याने शिक्षा मुलीलाच होते.

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. संशोधक विद्यार्थ्यांना दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तेथे मार्गदर्शकाला दिलेल्या प्रकरणांच्या तारखा लेखी मांडाव्यात. पुढे अडवणूक झाली तर तोच पुरावा ठरतो.

तक्रार मात्र खरीच असावी. खोटी तक्रार एका निर्दोष माणसाला बुडवते आणि पुढच्या दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वास उडवते. सम्यक वाणी तक्रारीच्या अर्जालाही लागू आहे. काय घडले, कधी, कोणासमोर, एवढेच लिहावे; शिव्याशाप लिहू नयेत.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गुरू-शिष्यांची कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याची पाच, तशीच गुरूचीही पाच. चांगले वळण लावावे, नीट समजावून द्यावे, विद्या हातची राखू नये, शिष्याविषयी चार लोकांत चांगले बोलावे आणि त्याला सर्व दिशांनी सुरक्षित करावे. नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. एका बाजूने आज्ञा आणि दुसऱ्या बाजूने भीती, असे नाते धम्माला मान्य नाही.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक सूचना. आपल्यात बँकेतले, कचेरीतले, वकिली करणारे अनेक बांधव आहेत. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, दोघांनी विहारात तासभर बसावे आणि मुलांचे अर्ज लिहून द्यावेत, मुदती सांगाव्यात, गरज पडल्यास सोबत जावे. एकटा विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीपुढे लहान दिसतो. त्याच्यामागे समाज उभा आहे हे दिसले की तेच टेबल कागद पुढे सरकवते. तो दुसरा हात आपणच व्हावयाचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!