जंगलाखालून वाहणारी नदी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी. तिच्या दक्षिणेला अपालाचिकोला राष्ट्रीय वन पसरले आहे. या वनातल्या ‘लिऑन सिंक्स’ भागात झाडांच्या सावलीतून चालता चालता पुढची जमीन एकाएकी तुटते. समोर असतो खोल, गोलसर खड्डा. त्याच्या उभ्या कडांवर नेचे वाढलेले असतात आणि तळाशी गडद पाणी असते. बिग डिस्मल सिंक, हॅमॉक सिंक अशी या सिंकहोलना नावे आहेत. जवळच फिशर क्रीक नावाचा ओढा वाहता वाहता जमिनीत गडप होतो.

हे पाणी जाते कुठे? या प्रश्नाचा माग काढत पाणबुडे या खड्ड्यांत उतरले आणि त्यातून जगातल्या सर्वांत लांब जलमग्न गुहांपैकी एक उजेडात आली.

फ्लोरिडाच्या पोटात चुनखडकाचा जाड थर आहे. तिथे पूर्वी समुद्र होता आणि सागरी जिवांच्या कवचांचा चुना साचून हा खडक बनला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, भेगांत शिरते आणि हजारो वर्षांत खडक विरघळवत भुयारे कोरते. एखाद्या भुयाराचे छत खचले की वरची जमीन आत जाते आणि सिंकहोल तयार होते. भूजल तिथे पृष्ठभागाच्या जवळ असल्याने असे अनेक खड्डे पाण्याने भरलेले असतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर उभा आहे. हा खडक असा विरघळत नाही, आपल्या विहिरींना पाणी येते ते फटींमधून झिरपून. म्हणून माणूस पोहत जाऊ शकेल अशी भूमिगत नदी आपल्याला सहज डोळ्यांसमोर येत नाही.

अशा गुहेत पोहणे धोक्याचे, कारण डोक्यावर खडकाचे छत असते. अडचण आली तरी सरळ वर येता येत नाही. पायाच्या एका फटक्याने तळचा गाळ उसळला, तर दिव्याच्या उजेडातही हात दिसेनासा होतो. म्हणून पाणबुड्या प्रवेशापासून अखंड दोरी सोडत जातो आणि परतताना तिच्याच आधाराने येतो. श्वासाच्या वायूचेही तीन वाटे केले जातात: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक संकटासाठी राखीव. फ्लोरिडातले गणिताचे शिक्षक शेक एक्सली यांनी गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये पुस्तक लिहिले आणि असे नियम रुजवले. त्याच एक्सलींना १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या अतिखोल सिंकहोलमध्ये मृत्यू आला. नियम घडवणाऱ्या माणसालाही खोलीने सोडले नाही.

लिऑन सिंक्सच्या दक्षिणेला वाकुला स्प्रिंग्ज हे राज्य उद्यान आहे. तिथल्या प्रचंड झऱ्यातून वाकुला नदी उगम पावते. १९८७ मध्ये बिल स्टोन यांच्या मोहिमेने या झऱ्याच्या आतली भुयारे धुंडाळली. पुढे ‘वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट’ या गटाच्या पाणबुड्यांनी वर्षानुवर्षे एकेक सिंकहोल, एकेक भुयार मोजत नकाशा वाढवत नेला. २००७ च्या जुलैमध्ये दुवा सापडला: लिऑन सिंक्स आणि वाकुला ही एकच गुहा आहे. तेव्हा तिची एकूण लांबी सुमारे ४५ किलोमीटर भरली.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला जॅरड जाब्लोन्स्की आणि केसी मॅकिन्ली टर्नर सिंकमध्ये उतरले आणि वाकुला झऱ्यातून बाहेर आले. मधले अंतर होते सुमारे ११ किलोमीटर आणि खोली जवळपास ९० मीटर. तिथे शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दहापट असतो. साध्या हवेतला नायट्रोजन या दाबाखाली मेंदूला गुंगी आणतो, म्हणून हीलियम मिसळलेला वायू वापरतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटर त्यांना पुढे ओढत होत्या. प्रवासाला सुमारे सात तास लागले. रक्तात आणि ऊतींत विरघळलेला वायू बुडबुडे न होता बाहेर पडावा म्हणून त्यानंतर टप्प्याटप्प्याने वर येण्यात आणखी चौदा तास गेले.

या साहसाचे मोल विक्रमापुरते नाही. भुयारांचा नकाशा हाती आल्यावर पाण्याचा प्रवास समजू लागला. संशोधकांनी टॅलाहासी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जिथे शेतावर फवारले जाई, तिथे निरुपद्रवी रंगद्रव्य टाकून पाहिले. काही आठवड्यांत ते कित्येक किलोमीटर दूर वाकुला झऱ्यात उगवले! म्हणजे सांडपाण्यातला नायट्रेटही त्याच वाटेने येत होता. झऱ्यात हायड्रिला ही पाणवनस्पती आणि शेवाळ माजण्यामागे या नायट्रेटचा मोठा हात होता. शहराने मग नायट्रोजन कमी करणारी शुद्धीकरण यंत्रणा उभारली. राज्यानेही सिंकहोल असलेली आसपासची काही जमीन घेऊन उद्यानाला जोडली.

दुसरा प्रश्न मात्र बाकी आहे. एकेकाळी वाकुलाच्या नितळ पाण्यावर काचेच्या तळाच्या नावा पर्यटकांना खोलवरचे मासे दाखवत. आता पाणी बराच काळ कोऱ्या चहासारखे तांबूस असते आणि त्या नावा क्वचितच निघतात. हा रंग पाणथळ जंगलातल्या कुजत्या पानांचा. फिशर क्रीकसारखे ओढे तो सिंकहोलमध्ये नेतात आणि पुढे तो झऱ्यापर्यंत पोचतो. तांबूस पाण्याचे दिवस वाढण्यामागे पावसाचा, उपशाचा आणि समुद्रपातळीचा वाटा किती, हे ठरवायचे तर कोणत्या भुयारातून किती पाणी वाहते ते मोजावे लागते. त्यासाठी लागणारी प्रवाहमापक यंत्रे भुयारांत नेऊन बसवण्याचे काम या पाणबुड्यांनीच केले.