विश्लेषण : व्हिक्टोरियन चित्रकारांचे भव्य ‘कार्टून’ म्हणजे काय? कोकणाने त्यातून काय घ्यावे?

रत्नागिरी : छिद्रे पाडलेल्या कागदावर रांगोळी फिरवली की जमिनीवर ठिपक्यांची नक्षी उमटते. युरोपातील चित्रकार पुराणकथांची मोठी चित्रे भिंतीवर उतरवताना हीच युक्ती वापरत. त्यांच्या त्या कागदाचे नाव ‘कार्टून’.

मूळ अर्थ काय?
इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणजे मोठा, जाड कागद. त्यावर अंतिम चित्राच्याच मापाचे रेखाटन होई. रेषांवर छिद्रे पाडून वरून कोळशाची पूड थोपटली की भिंतीवर ठिपके उमटत. ओल्या गिलाव्यावर रंगवताना चूक सुधारायला फारसा वाव नसतो. त्यामुळे सगळी खाडाखोड आधी कागदावरच केली जाई.

व्यंगचित्राला हे नाव कसे मिळाले?
लंडनमधील नव्या संसद भवनाच्या भित्तिचित्रांसाठी आलेली कार्टून्स १८४३ मध्ये प्रदर्शनात मांडली गेली. त्याच वर्षी ‘पंच’ साप्ताहिकाने जॉन लीच यांचे उपरोधिक चित्र ‘कार्टून’ म्हणून छापले. तेव्हापासून हा शब्द व्यंगचित्राला चिकटला.

पूर्वतयारीच मुख्य कलाकृती कशी ठरली?
आर्थर बाल्फोर हे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांनी १८७५ मध्ये एडवर्ड बर्न-जोन्स यांना घराच्या दालनासाठी ग्रीक वीर पर्सियसची चित्रमालिका काढायला सांगितले. दहा प्रसंगांची पूर्ण मापाची कार्टून्स तयार झाली. पण १८९८ मध्ये चित्रकाराचे निधन झाले तोवर तैलचित्रे चारच पूर्ण झाली होती. त्यामुळे आज सलग कथा पाहायची तर साउदॅम्प्टनच्या कलादालनातील या कागदांकडेच जावे लागते.

महाराष्ट्राशी नाते काय?
बर्न-जोन्स यांचे साडू जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पपट्ट त्यांचेच. लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र.

कोकणासाठी याचे महत्त्व काय?
कुडाळजवळच्या पिंगुळीत (१९८१ पर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता) ठाकर समाजातील चित्रकथी कागदावरची चित्रे दाखवत रामायण-महाभारताची कथा सांगतात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. पण कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी आणि वाळवी लवकर लागते.

कागद कसा जपावा?
संग्रहालये अशी चित्रे आम्लमुक्त कागदात सपाट ठेवतात आणि मांडताना प्रकाश साधारण ५० लक्सपुरताच ठेवतात. घरी निदान ती ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नयेत, घडी घालू नये आणि चिकटपट्टी टाळावी. कच्चे काम म्हणून टाकून दिलेला कागदच उद्या कथेचा एकमेव पुरावा ठरू शकतो.