कोलेस्टेरॉलची गोळी : कशासाठी व कुठवर?

हृदयविकाराचा झटका एका क्षणात येतो. परंतु त्याची तयारी रक्तवाहिनीत वर्षानुवर्षे चाललेली असते. ही तयारी रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत व ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. असे असूनही अनेक घरांत ती अर्धवट सोडून दिली जातात. म्हणून या औषधांची माहिती सर्वांनी करून घेणे अगत्याचे आहे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींची आवरणे, पित्तरस व काही संप्रेरके तयार होण्यास तो लागतो. म्हणजे तो मुळात शत्रू नव्हे. त्याचा बराच मोठा भाग आपले यकृतच तयार करते, थोडा आहारातून येतो. रक्तातून त्याची वाहतूक करणाऱ्या कणांपैकी एल.डी.एल. हे कण प्रमाणाबाहेर वाढले की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतात. पुढे हा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी होते. ती हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर झटका, मेंदूच्या रक्तवाहिनीत झाली तर पक्षाघात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. "मी शाकाहारी आहे, मला कशाला कोलेस्टेरॉल?" हे म्हणणे चूक आहे. तसेच तांबडा-पांढरा रस्सा बंद केला की सर्व काही ठीक होईल, हेही खरे नाही. मटणाची चरबी, साय, लोणी, वनस्पती तूप कमी करावे, रोज चालावे, तंबाखू व विडी-सिगारेट सोडावी, हे आवश्यकच आहे. परंतु यकृतच जादा उत्पादन करीत असेल किंवा रक्तातील एल.डी.एल. पुरेसे उचलत नसेल, तर केवळ पथ्याने भागत नाही.

औषध कसे सापडले?

जपानमधील अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सुमारे सहा हजार बुरशी व सूक्ष्मजीव तपासले आणि 1973 मध्ये तांदळावरील एका निळसर-हिरव्या बुरशीतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य मिळविले. त्यातूनच 'स्टॅटिन' वर्गातील औषधांचा उगम झाला. या वर्गातील लोव्हास्टॅटिनला 1987 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे ॲटोरव्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन ही दोन अधिक वापरली जातात.

यकृतातील ज्या एन्झाइममुळे कोलेस्टेरॉल बनते त्याला स्टॅटिन अडविते. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते व ते रक्तातील एल.डी.एल. अधिक प्रमाणात ओढून घेते. या औषधाने जीव खरोखर वाचतो का, हे 1994 साली स्कँडिनेव्हियातील चाचणीने दाखविले. हृदयविकार असलेल्या 4444 रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले होते. सुमारे साडेपाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी 256, तर घेणाऱ्यांपैकी 182 जण मरण पावले.

स्टॅटिन पुरेसे न पडल्यास एझेटिमाइब जोडतात. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करते. फेनोफायब्रेट हे मुख्यतः ट्रायग्लिसराइड फार वाढल्यास देतात. काही निवडक रुग्णांसाठी इंजेक्शनेही आहेत, परंतु ती महाग आहेत.

नेहमीचे गैरसमज

"रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू" हा सर्वांत घातक गैरसमज होय. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती बंद केल्यास काही आठवड्यांत पातळी पूर्ववत होते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये सुचविल्यानुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एल.डी.एल. 100 च्या खाली असावे. ज्यांना झटका येऊन गेला आहे अशा अतिधोक्याच्या रुग्णांचे 55 च्याही खाली. म्हणून शेजाऱ्याला चालणारा आकडा आपल्याला चालेलच असे नाही.

दुसरा गोंधळ म्हणजे हिला 'रक्त पातळ करणारी गोळी' समजणे. ते काम ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचे. दोन्हींचे काम वेगळे असल्याने एक चालू आहे म्हणून दुसरी सोडू नये.

तिसरी भीती दुष्परिणामांची. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताच्या तपासणीत बदल दिसतो, काहींची रक्तशर्करा किंचित वाढते. स्नायूंत तीव्र वेदना झाल्यास किंवा लघवी गडद झाल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. इतर वेळी स्वतःच्या मनाने गोळी न सोडता मात्रा किंवा औषध बदलण्याविषयी विचारावे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत.

खर्चाचे काय?

ॲटोरव्हास्टॅटिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रांत हेच औषध मूळ नावाने स्वस्तात मिळते. कंपनीचे नाव निराळे असले तरी आतील औषध व मिलिग्रॅमची मात्रा तीच आहे ना, एवढे पाहावे. पैशाअभावी गोळी थांबविण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्यात संकोच कसला?

विद्यार्थी मित्रांनी एक काम अवश्य करावे. आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरातील नाव वाचावे, कोणती गोळी कशासाठी आहे ते वहीत लिहावे आणि संपण्यापूर्वी आठवडाभर आधी नवे पाकीट आणून ठेवावे. शिकलेल्या मुलाचा घराला होणारा हा फार मोठा उपयोग आहे.