कोरीव तबलीची गिटार

ट्रम्पेट, ड्रम आणि पियानो यांच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे, ही १९२० च्या सुमाराच्या अमेरिकी वादकाची रोजची रड होती. बँजो खणखणे, सपाट तबलीची गिटार दबून जाई. मिशिगनमधल्या कॅलामझू गावी ऑर्व्हिल गिब्सन हा कारागीर १८९० च्या दशकापासूनच व्हायोलिनसारखी फुगीर तबली लाकडातून कोरत होता. पण अशा फुगीर तबलीच्या गिटारीला, म्हणजे आर्चटॉपला, तिचा खरा आवाज मिळाला तो १९२२ मध्ये, गिब्सन कंपनीच्या 'एल-५' मध्ये. तिथल्या लॉइड लोअरने मधले गोल छिद्र काढून दोन बाजूंना 'एफ' आकाराची छिद्रे आणली.

हे काम वेळखाऊ. स्प्रूसची जाड फळी मधून चिरायची, दोन भाग कडेला कड लावून जोडायचे, मग पटाशीने आणि बोटाएवढ्या रंध्याने घुमट उतरवायचा. तबली मध्यावर जाड, काठाकडे पातळ. कुठे थांबायचे हे माप सांगत नाही. ठोकून ऐकायचे, पुन्हा तासायचे. पाठ बहुधा मेपलची. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. तारा पुढे शेवटच्या टोकाला अडकवतात. त्यामुळे स्वर झटकन उसळतो आणि लवकर विरतो. तालाला हेच हवे. फ्रेडी ग्रीनने काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत अशाच गिटारवर लय धरली. तो एकट्याने वाजवायला क्वचितच पुढे आला.

मग वीज आली. १९३६ मध्ये गिब्सनची विजेवरची 'ईएस-१५०' बाजारात आली, १९३९ मध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, आणि कोरून आवाज मोठा करण्याची गरजच सरली. गंमत अशी की कारागिरी त्यानंतरही चढतच गेली. न्यूयॉर्कच्या लिटिल इटलीत जॉन डॅन्जेलिकोने १९३२ मध्ये दुकान थाटले होते. आयुष्यभरात त्याच्या हातून हजाराहून थोड्या जास्त गिटारी बाहेर पडल्या. १९६४ मध्ये तो गेल्यावर शिष्य जिमी डॅक्विस्टोने काम पुढे नेले, आणि हळूहळू गुरूची नक्षी, धातूचे भाग, एफ-छिद्रे सगळे सोडून दिले. मला शिष्य अधिक मोठा वाटतो. दोघेही एकोणसाठाव्या वर्षी गेले.

ब्लूजवाल्यांचे गणित निराळे. अॅम्प्लिफायर मोठा केला की पोकळ तबली स्पीकरच्या आवाजाने थरथरते, तारांचा आवाज टिपणारा पिकअप ती थरथर पुन्हा उचलतो आणि गिटार घूं घूं करत सुटते. बी. बी. किंग छिद्रांत कापड कोंबत असे. १९८० च्या त्याच्या 'लुसील' गिटारीला छिद्रेच ठेवली नाहीत. १९४९ च्या 'ईएस-१७५'ची प्लायवुडची तबली त्या मानाने शांत. तेव्हा रात्री दणक्यात वाजवणाऱ्याने हाताने कोरलेल्या गिटारीवर पैसे घालू नयेत, हे माझे मत. ती शांत खोलीत, थोडक्या श्रोत्यांपुढे शोभते.

लाकडाचे मात्र फार स्तोम माजले आहे. रॉबर्ट बेनेडेट्टो या कारागिराने गाठी असलेल्या साध्या पाइनची आर्चटॉप करून त्यातली हवा काढली. तरी संग्राहक थांबत नाहीत. डॅक्विस्टोची एक निळी गिटार पाहून स्कॉट चिनरी या अमेरिकी संग्राहकाने बाकीच्या नामांकित कारागिरांकडूनही निळ्याच गिटारी करवून घेतल्या. मानावे की चकित व्हावे?

आपल्याकडे ही गिटार आली ती मांडीवर आडवी होऊन. ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सनच्या 'सुपर ४००' या आर्चटॉपवर चिकारीची तार चढवली आणि पोलादी दांडीने राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपवरच बेतलेली. ज्या स्वराचा गुण लवकर विरणे, त्यातून या दोघांनी मींड काढली.